मयताचं पिठलं

माग चालू असले की शालनला झोप लागते आणि बंद पडले की जाग येते. इचलकरंजीत संसार केलेल्या बाईचं हे असंच असतं. खालच्या मजल्यावर नवऱ्याचे यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात, वर घरात भांड्यांवरची झाकणं थरथरतात, आणि पाहुणे कानावर हात ठेवून विचारतात, इथं झोपता तरी कसं तुम्ही? शालन म्हणते, ह्याच्याशिवाय कसं झोपायचं ते तुम्ही सांगा. वीज गेली की मात्र सगळी गल्ली एकदम गप्प होते आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागतात.

आज दुपारची जेवणं उरकून ती स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून आडवी झाली आहे. डोळा लागत नाही आणि धड उघडाही राहत नाही. परवा अण्णाचं वर्षश्राद्ध. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, एकुलता एक. तासगावात त्याची पिठाची गिरण होती. वर्षश्राद्धाचं बोलावणं सगळ्या गणगोताला गेलं. ज्यांनी अण्णाला हयातीत कधी चहा विचारला नाही त्यांनाही गेलं. शालनला आलं नाही. ते येणार नाही हे तिला ठाऊक आहे, तरी गेला आठवडाभर ती फोन उशाशी घेऊन झोपते आहे.

आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे अण्णा गेल्यापासून शालन रडलेली नाही. एकदाही नाही. गल्लीतल्या बायका आधी म्हणायच्या, धक्का बसलाय, रडेल सावकाश. आता त्या काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात. शालनलाही आताशा वाटायला लागलंय की आपल्या आत काहीतरी मेलंय आणि ते बाहेर काढायला कुणी येत नाही.

हे असं का झालं ते सांगायचं तर कावळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

अण्णाचं आणि फजितीचं लहानपणापासून चांगलं जमायचं. लग्नाच्या वरातीत त्याचा घोडा मांडवाकडे न जाता स्वतःच्या तबेल्याकडे वळला, आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट जाऊन तबेल्यात उभा राहिला. गिरणीच्या पट्ट्यानं एकदा त्याचा लेंगा ओढून नेला, तेव्हा दळण घेऊन आलेल्या झाडून सगळ्या बायका समोर होत्या. त्याची स्कूटर चोरीला गेली ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत सापडली, कारण चोरालाही ती सुरू झाली नव्हती. "किती किका मारल्या असतील बिचाऱ्यानं," अण्णा म्हणाला, "माझे भोग त्याला भोगायला लागले." असं काही झालं की ते संध्याकाळच्या चहाच्या आत कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं, हा त्याचा नेम. "आजचं आज सांगून टाकावं," तो म्हणायचा. "जुन्या पिठाची भाकरी थापता येत न्हाई. कडंनं फुटती."

अशा माणसाला कावळा सोडतोय कशाला? तासगावच्या भर बाजारात, इतकी डोकी मोकळी असताना, कावळा नेमका अण्णाच्या टकलावर उतरला आणि उडताना चोच मारून गेला. कावळा डोक्यावर बसणं ही मरणाची खूण, असं जुनी माणसं मानतात. त्यावर उताराही त्यांनीच सांगून ठेवलाय. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी त्याच्या जवळच्या कुणाला तरी कळवायची. ते माणूस मनापासून रडलं की दाराशी आलेलं मरण फसतं आणि परत जातं. रडणाऱ्याला मात्र आधी काही कळता कामा नये. अण्णाची बायको मंदावैनी देवभोळी. तिनं काळजीनं जेवण सोडलं आणि विचारलं, कुणाला कळवू? अण्णा म्हणाला, "शालनला कळव. ती रडती चांगली."

शालन चांगलीच रडली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. नातेवाईक आपल्या घरून पिठलं-भाकरी बांधून नेतात, त्याला तिकडे कडू घास म्हणतात. शालननं रडत रडत पिठलं केलं, त्यात दोनदा मीठ पडलं, आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात ते भरून ती एसटीत बसली. सांगली येईपर्यंत अर्धी बस तिच्याबरोबर रडत होती. अण्णाच्या दारात पोचली तर अण्णा पायरीवर बसून बशीतनं चहा पीत होता. टकलावर हळद लावलेली. तिला बघून म्हणाला, "आलीस? पिठलं आणलंस न्हवं?"

शालननं पायातली चप्पल काढून त्याला हाणली. ती नेमकी बशीवर बसली, बशी फुटली, आणि मग तिघंही हसून हसून जमिनीवर लोळायची बाकी राहिली. मंदावैनीनं तिच्या तोंडात साखर घातली. खोट्या बातमीला रडलेल्या माणसाचं तोंड गोड करायचं असतं. अण्णानं तो खारट डबा एकट्यानं चाटूनपुसून संपवला. "स्वतःच्या मयताचं पिठलं कुणाला खायला मिळतंय गं?" तो म्हणत होता. "मी नशिबाचा."

पुढं हे त्याचं आवडतं नाटक होऊन बसलं. ताप आला, पाय मुरगळला, गिरणीची मोटर जळाली, की शालनला फोन. "शालन, मी मेलो. पिठलं टाक." ती म्हणायची, "मर जा, मला कामं हायत." कधी तो मंदावैनीच्या हातात फोन द्यायचा आणि तिला रडका आवाज काढायला लावायचा. वैनीला ते धड जमायचं नाही, ती मध्येच हसायची.

त्यामुळे गेल्या वर्षी एका सकाळी वैनीचा फोन आला आणि ती म्हणाली, "वन्सं, हे गेले," तेव्हा शालन मोठ्यानं हसली. "परत कावळा बसला काय?" ती म्हणाली. "सांगा त्याला, यावेळी बेसन नाही घरात." आणि फोन ठेवून ती उरलेली भांडी घासायला गेली.

अण्णा सलूनच्या खुर्चीत गेला होता, दाढी करता करता. एका गालावर वस्तरा फिरून झाला होता, दुसरा फेसातच होता.

तिकडे मंडळी बहिणीची वाट बघत थांबली. ऊन चढलं तसं त्यांना थांबवेना. दुपारी चुलतभावाचा फोन शालनच्या नवऱ्याला आला, तेव्हा नेऊन झालं होतं. शालन पोचली त्या वेळी माणसं मसणवट्यातून परत येऊन रिवाजाप्रमाणे दारात कडुलिंबाचा पाला चावत उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. मंदावैनीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हसून झालं का?"

तेव्हापासून दोघी बोललेल्या नाहीत. शालनचा तो डबा अजून तिकडेच आहे.

खडखड चालू आहे. ती खालच्या मागांची की एसटीच्या खिडक्यांची, हे आता शालनला नीट सांगता येत नाही. काचा थरथरतायत, म्हणजे एसटीच असावी. तिच्या मांडीवर डबा नाही, पण डब्याची ऊब आहे. पुढच्या सीटवरच्या बायका पाठमोऱ्या बसून रडतायत आणि मधून मधून वळून बघतायत, की हिची सुरुवात झाली का.

"जरा सरक की," शेजारून कुणीतरी म्हणतं.

ती सरकते. अण्णा बसतो. अंगात गिरणीतला मळका बनियन आहे, भुवयांवर पीठ आहे. गळ्याभोवती न्हाव्याचं पांढरं कापड बांधलेलं. एक गाल गुळगुळीत, आणि दुसऱ्या गालाला कानापासून हनुवटीपर्यंत साबणाचा फेस. वर्ष झालं तरी तो वाळलेला नाही.

तिला भीती वाटत नाही. तिला राग येतो.

"कुठं हुतास?"

"कुठं असणार? खुर्चीतच बसलोय अजून. अर्ध्या दाढीनं उठू कसा?"

"असं बसमधी येऊन बसायला लाज न्हाई वाटत?"

"लाज कशाला? लेंगा हाय की अंगात."

तिला हसू येत नाही. पूर्वी आलं असतं. अण्णा तिच्या तोंडाकडे निरखून बघतो, जसा तो जात्यातून पडणारं पीठ चिमटीत धरून बघायचा, भरड आहे की बारीक.

"वाईट वाळलीस," तो म्हणतो.

"मला साखर झालीय."

"ते न्हाई म्हणत मी."

खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा जातायत, मग तिच्या घरातली भांड्यांची मांडणी जाते, मग परत बागा. कंडक्टर घंटी मारत नाही, पण बस थांबते, आणि ज्या पायरीवर शालन उतरते ती गिरणीची पायरी आहे. आत पट्टा फिरतोय. दळणाला बायकांची रांग लागलीय. सगळ्यांचे पदर डोळ्यांना. अण्णा जात्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो आणि रोजच्यासारखा पोत्याला हलके हलके थापटत पीठ खाली उतरवतो. खाली डब्यात पडतंय ते राखाडी आहे.

"हे कसलं पीठ?" शालन विचारते.

"माझंच. राख सावडायला आलेल्यांनी बरंच मागं ठेवलं हुतं." तो चिमटीत घेऊन तिला दाखवतो. "चांगलं बारीक आलंय. गिरण चालू हुती तवा असं कधी आलं न्हाई बघ."

"असलं बोलू नको, अण्णा."

"मग कसलं बोलू? दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

बायका एकेक करून डबे भरून नेतात. शालनला वाटतं, आपण पुढं व्हावं आणि ते झाकावं, पदरात गोळा करून घ्यावं, पण तिचे हात अंगाला चिकटलेत. तिला एवढंच दिसतं की डबे संपत नाहीत आणि जात्याच्या तोंडातलं संपत आलंय.

"शालन," अण्णा म्हणतो, "एक काम हाय तुझ्याशी. त्या दिवशी फोनवर काय म्हणालीस?"

हाच प्रश्न येणार हे तिला बसमध्येच कळलं होतं. ती खाली बघते. गिरणीची जमीन पिठानं पांढरी आहे आणि तिच्यावर कुणाचीच पावलं उठत नाहीत, तिचीही नाहीत.

"वैनीनं सांगितलं असंल की."

"मंदा काय सांगती? सांग तू."

"कशाला पायजे तुला?"

"अगं, तिकडं आमची रोज बैठक असती. दुसरं काही कामच न्हाई. ज्यानं त्यानं आपली फजिती सांगायची. एक हाय, विहिरीत उतरला शेळी काढायला. शेळी वर आली, ह्यो खालीच. सांगताना अजून हसतोय. माझी पाळी आली की मी घोडा सांगतो, स्कूटर सांगतो, कावळा सांगतो. मग खुर्चीपर्यंत येतो आणि अडतो. फेस लावला, एक गाल झाला, म्हटलं जरा डोळं मिटावं. पुढचं मला दिसलंच न्हाई गं. सगळी म्हणत्यात, पुढं काय? आता काय सांगू?" तो गळ्याभोवतीचं कापड सैल करायला बघतो, गाठ सुटत नाही. "जन्मभर एक गोष्ट अर्धी सोडली न्हाई मी. आणि ही स्वतःची सोडून बसलोय."

फोनवर काय म्हणाली ते शालननं कुणालाच सांगितलेलं नाही. शेजारी बसून भांडी विसळणाऱ्या नवऱ्यालाही तिनं तेव्हा नुसतं "अण्णाचं नाटक" एवढंच सांगितलं होतं.

"मी हसले," ती म्हणते.

"किती?"

"लई. पोट धरून. मग म्हणाले, परत कावळा बसला काय. आणि म्हणाले, सांगा त्याला, यावेळी बेसन नाही घरात."

पट्टा थांबतो. बायका नाहीशा झाल्यात की मुळात नव्हत्याच, कळत नाही. अण्णा तिच्याकडे बघत राहतो. मग त्याचे खांदे हलायला लागतात. आधी शालनला वाटतं तो रडतोय. तो हसतोय, पण त्याला आवाज नाही. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, एक हात जात्यावर टेकलेला, आणि फेसाचा गोळा गालावरून सुटून पिठात पडतो.

"बेसन न्हाई," तो म्हणतो. दम लागतो त्याला. मेलेल्या माणसाला दम लागलेला बघून शालनला कसंतरीच होतं. "मी हितं मरून पडलोय, आणि ही म्हणती बेसन न्हाई. अगं, ह्याच्यापुढं घोडा काय, स्कूटर काय."

"हसू नको रे. मी तुझ्या मरणाला हसले. तू आडवा पडला हुतास, आणि मी हसत हुते."

"मग माझ्या मरणाला आणिक कोण हसणार? तुला काय वाटलं, मला रडणारी माणसं कमी पडली?"

ती उत्तर द्यायला जाते, पण गिरण आता गिरण राहिलेली नाही. अण्णाच्या घराचं दार आहे. ऊन रखरखतंय. ओल्या धोतरांची माणसं रांगेनं उभी आहेत, लिंबाचा पाला चावतायत, कडू तोंडं करतायत. अण्णा त्यांच्यातच उभा आहे, पाला चावतोय, आणि कोण कोण आलं ते मान वर करून बघतोय. शालनच्या हातात काही नाही. ती हात मागं लपवते.

"दाढीचं काय झालं मग?" तो पाला थुंकत विचारतो. "अर्ध्या दाढीनंच नेलं काय मला?"

"मला ठाऊक न्हाई. मी आले तवर नेलं हुतं. मी तुझं तोंडच बघितलं न्हाई, अण्णा."

हे ती प्रथमच बोलते आहे. अण्णा ह्यावर काही विनोद करत नाही. तो दाराकडे बघतो. दारात मंदावैनी बसलेली आहे, उंबऱ्याला पाठ लावून, मोकळ्या कपाळाची, आणि तिच्या मांडीवर शालनचा स्टीलचा डबा आहे.

"हिला इचार," अण्णा म्हणतो. "दाढीचं हिला ठाऊक असंल."

"ती माझ्याशी बोलत न्हाई."

"माझ्याशी तरी कुठं बोलती? मी जातो की तिच्याकडं. रोज जातो. ती भिंतीकडं तोंड करून निजती." त्याचा आवाज बारीक झालाय. "मी म्हणतो, मंदे, अगं मी हाय. ती म्हणती, बास झाली नाटकं."

अण्णा असा उभा शालननं कधी पाहिला नाही, हात लोंबकळत, बोलायला काही नसलेला. घोड्यानं तबेल्यात नेला तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"वर्ष झालं, अण्णा," ती म्हणते. "आता काय बोलू तिच्याशी? पीठ जुनं झालं."

"मग उकड काढ. जुन्या पिठाला कढत पाणी लागतंय. एवढं बी आईनं शिकवलं न्हाई तुला?"

तो पुढं होऊन वैनीच्या मांडीवरचा डबा उचलतो. वैनीला त्याचा पत्ता नाही; तिचे हात जिथं होते तिथंच, डबा धरल्यासारखे राहतात. अण्णा झाकण काढतो आणि आत हात घालतो.

"हात पुढं कर."

शालन हात करते. तो तिच्या तळहातावर साखर ठेवतो, चिमूटभर.

"मला चालत न्हाई," ती म्हणते. "आणि खोट्या बातमीला तोंड गोड करायचं असतंय. ही खरी हाय की नाही?"

अण्णा डब्याचं झाकण लावतो.

"खरी हाय," तो म्हणतो. "म्हणून तोंडात घातली न्हाई. हातावर दिलीय. खायची कधी ते तू बघ." मग तो वर बघतो, कान देऊन ऐकल्यासारखा. "ऊठ आता. लाईट चालली."

एकदम सगळं गप्प होतं.

शालन डोळे उघडते. माग बंद पडलेत. पलीकडच्या घरात पोर रडायला लागलंय, खाली नवरा वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडतोय. पंख्याची पाती सावकाश थांबतायत. उजव्या हाताला काहीतरी हुळहुळतंय म्हणून ती हात डोळ्यांसमोर आणते. मुंग्या आहेत. चटईच्या कडेनं त्यांची ओळ येऊन मनगटावरून चढलीय आणि तळहाताच्या खळग्यात गोळा झालीय. तिथं पांढरे दाणे आहेत, घामानं थोडे पाघळलेले, थोडे अजून कोरडे.

ती उठून बसते आणि बराच वेळ हाताकडे बघत राहते. डॉक्टरनं सांगितल्यापासून ह्या घरात साखर आणलेली नाही. पाहुण्यांच्या चहालासुद्धा ती शेजारून वाटीभर मागून आणते, आणि ह्या आठवड्यात पाहुणा आलेला नाही. ती सगळं आठवून बघते, मग आठवायचं सोडून देते. मुंग्या झटकाव्यात असं तिला वाटत नाही.

उशाशी फोन आहे. डाव्या हातानं ती वैनीचा नंबर लावते. वाजत राहतो. आता बंद होईल असं वाटतं, तेवढ्यात कुणीतरी उचलतं. मागं गिरणीचा आवाज नाही. तो असायचा, आणि त्यावरून ओरडून बोलावं लागायचं.

"वैनी, मी शालन."

शालन घाईनं पुढं बोलते.

"वैनी, फोन ठेवू नका. मला ती बातमी परत एकदा सांगा."

"कसली?" वैनीचा आवाज कोरडा आहे.

"अण्णाची. मी तवा नीट ऐकली न्हाई."

पलीकडे खुर्ची का पाट सरकल्याचा आवाज येतो, वैनी बसली असावी.

"वन्सं," ती म्हणते. अगदी त्या दिवशीसारखंच म्हणते. "हे गेले."

"कसे?"

"दाढीला गेलते सकाळी. मी भाकरी थापत हुते. सलूनचा बबन पळत आला. म्हणाला, वैनी, चला, अण्णा उठंनात. मी म्हणाले, सांग त्यांना, नाटकं बास झाली. चहा गार हुतोय म्हणावं. आणि हसले मी, वन्सं. भाकरी थापत थापत हसले. बबन दारात रडत उभा, आणि मी म्हणते, किती चांगलं शिकवलंय तुला."

शालन फोन कानाला गच्च धरून बसली आहे.

"आणि भाकरी तव्यावर टाकली. ती उलथली, भाजली, उतरवली, आणि मग गेले. तोपर्यंत ते तिथं एकटेच खुर्चीत बसले हुते."

"दाढी?" शालन विचारते. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नाही. "दाढीचं काय केलं?"

"तुम्हाला कसं..." वैनी म्हणते, आणि पुढं विचारत नाही. "अर्ध्या दाढीनं नव्हतं न्यायचं मला. म्हटलं, बबन, दुसरा गाल कर. त्याचा हात ठरंना. हनुवटीला वस्तरा लागला, चांगला लागला. मी पदर घेऊन पुढं झाले पुसायला. रक्तच आलं न्हाई. तवा मला पटलं. मग तुम्हाला फोन केला."

पलीकडचं पोर रडायचं थांबलंय. शालनला तो दिवस आता वेगळा दिसतो आहे. दारातली वैनी, तिची वर झालेली मान आणि तिचा तो प्रश्न. एवढं वर्ष तो प्रश्न शालन एकटीच अंगावर घेऊन बसली होती.

"परवा या," वैनी म्हणते.

"येते."

"सकाळीच या. सगळ्यांच्या आधी. आणि..." ती अडखळते. "त्या दिवशीचं तेवढं राहिलंय. ते घेऊन या. तुमचा डबा हितंच हाय, दुसऱ्या कशात तरी आणा."

शालन मान हलवते, फोनमध्ये मान दिसत नाही हे तिच्या लक्षात येत नाही.

"वन्सं," वैनी हळूच विचारते, "बेसन हाय का घरात?"

"हाय," शालन म्हणते.

तो एवढासा शब्द बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग वर्षभराचं सगळं येतं. ती साखरेचा हात उताणा धरून, मुंग्या सांडू नयेत म्हणून गुडघ्यावर टेकवून, तोंड उघडं टाकून रडते. इतक्यात वीज येते. खाली माग एकेक करून सुरू होतात, झाकणं थरथरायला लागतात, गल्ली परत कामाला लागते. त्या खडखडाटात तिचं रडणं नवऱ्याला ऐकू येत नाही, शेजारणींना ऐकू येत नाही. मंदावैनी मात्र फोन कानाला धरून सगळं ऐकत बसते.